स्पॅनिश भूतकाळ: ‘आयेर’ दिसलं की इंदेफिनिदो, हा नियम कुठे चालतो आणि कुठे अडतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही बघता येईल. तुम्ही पुण्यात बसून मेक्सिकोच्या ग्राहकांचं काम बघता आणि देलेची (स्पॅनिशचं अधिकृत प्रमाणपत्र देणारी) बी-वन पातळीची परीक्षाही द्यायची आहे. क्लासमध्ये तुमच्याकडून दोन याद्या पाठ करून घेतल्या. ‘आयेर’ (काल), ‘आनोचे’ (काल रात्री), ‘ला सेमाना पासादा’ (गेल्या आठवड्यात) दिसलं की इंदेफिनिदो (‘केलं’सारखा साधा भूतकाळ) वापरायचा. ‘सिएम्प्रे’ (नेहमी), ‘तोदोस लोस दियास’ (रोज), ‘आंतेस’ (पूर्वी) दिसलं की इंपेर्फेक्तो (‘करत होतो’, ‘करायचो’ सांगणारा भूतकाळ). याद्या तोंडपाठ असूनही मेलमध्ये चुका निघतात, आणि मेक्सिकोची माणसं तर पुस्तकाच्या उलटच बोलतात. म्हणून तुम्ही विचारताय की सगळ्या क्रियाविशेषणांची पूर्ण यादी कुठे मिळेल.

अशी यादी मिळणार नाही, आणि मिळाली तरी अडचण सुटणार नाही. तुमच्याकडे शब्द पुरेसे आहेत. घोटाळा आहे तो क्रियाविशेषणाचं काम आणि क्रियापदाचं काम यांची सरमिसळ झाल्याचा. तुम्ही नमुन्याला दिलेली तीन वाक्यं वाचताना हे स्पष्ट दिसतं, म्हणून उत्तरभर तीच वापरते. (उच्चार लॅटिन अमेरिकेतले लिहितेय, कारण तुमचे ग्राहक तिकडचे. ‘व्ही’चा उच्चार ‘ब’ होतो हे तुम्हाला माहीत आहेच.)

‘एल लुनेस आबिया आब्लादो कोन एल प्रोबेएदोर.’ सोमवारी मी पुरवठादाराशी बोललो होतो.
‘एल सेगुंदो दिया मांदाबा एल आर्चिबो.’ दुसऱ्या दिवशी त्याने फाइल पाठवली.
‘दुरांते त्रेस मेसेस तेनियामोस एस्ते प्रोब्लेमा.’ तीन महिने आम्हाला हा त्रास होता.

तिन्ही वाक्यांत रूपं अचूक चालवलीत, एकही प्रत्यय चुकलेला नाही. तरी तिन्ही वाक्यं मेक्सिकोच्या माणसाला खटकतील, प्रत्येक वेगळ्या कारणाने.

आधी मुळाचं बघू. क्रियाविशेषण सांगतं की गोष्ट कधीची आहे. क्रियापदाचा काळ सांगतो की बोलणारा तिच्याकडे कसा बघतोय: सुरुवात-शेवटासकट संपलेली एक घटना म्हणून, की ती चालू असताना तिच्या आत उभं राहून. ही दोन कामं वेगळी आहेत, त्यामुळे एकाच ‘आयेर’बरोबर दोन्ही काळ येतात. ‘आयेर योबिओ’ म्हणजे काल पाऊस पडला, विषय संपला. ‘आयेर योबिया क्वांदो साली दे ला ओफिसिना’ म्हणजे काल मी ऑफिसातून निघाले तेव्हा पाऊस पडत होता. दोन्ही वाक्यं बिनचूक आहेत. मराठीत ‘काल’ आलं म्हणून आपण ‘पडला’च म्हणायचं असं कुणी आपल्याला शिकवलं नाही, आणि कधी अडलंही नाही. ‘काल पडला’ आणि ‘काल पडत होता’ यांतला फरक तुम्हाला झोपेतही कळतो. स्पॅनिशमध्येही तोच फरक करायचाय.

मग याद्या करतात कशाला? कारण काही जोड्या वारंवार येतात. काल काय काय झालं हे सांगताना माणूस बहुधा संपलेल्या घटना सांगतो, आणि ‘रोज’ म्हटलं की बहुधा सवय सांगतो. नवख्याला सुरुवातीला तेवढं पुरतं. रिकाम्या जागा भरा, या प्रकारात प्रश्न काढणाराही क्रियाविशेषण मुद्दाम इशारा म्हणून ठेवतो. पण स्वतःच्या मनातलं लिहायची वेळ आली की हा अंदाज फसतो.

आपल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा राहत होता. त्याला दोन राण्या होत्या. इथवर ऐकणारा मांडी घालून बसलेला असतो, अजून काही घडलेलं नाही. मग ‘एके दिवशी काय झालं’ आलं की तो कान टवकारतो. स्पॅनिश गोष्टीची चालही हीच. सुरुवात ‘एरासे उना बेस’ किंवा ‘आबिया उना बेस’ अशी होते आणि तिथे इंपेर्फेक्तो असतो. गंमत म्हणजे ‘उना बेस’चा अर्थ ‘एकदा’, म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे इंदेफिनिदो हवा होता. पण तिथे नेपथ्य मांडलं जातंय, म्हणून इंपेर्फेक्तो. पुढे ‘उन दिया’ येतं आणि तिथून इंदेफिनिदोच्या रूपांनी गोष्ट पळायला लागते.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, जो क्लासमध्ये इंग्रजीतून शिकताना हातचा जातो. इंपेर्फेक्तो जी दोन मुख्य कामं करतो, त्यांच्यासाठी मराठीत दोन वेगळी रूपं आहेत: ‘मी जात होतो’ आणि ‘मी जायचो’. शाळेच्या व्याकरणात यांनाच अपूर्ण आणि रीती भूतकाळ म्हणतात. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. ‘करत होतो’ किंवा ‘करायचो’ बसत असेल तर इंपेर्फेक्तो, ‘केलं’ बसत असेल तर इंदेफिनिदो. बहुतेक क्रियापदांना एवढी कसोटी पुरते. तुमच्या दुसऱ्या वाक्याला ती लावा. दुसऱ्या दिवशी त्याने फाइल ‘पाठवली’. ‘पाठवत होता’ नाही, ‘पाठवायचा’ही नाही. मग ‘मांदाबा’ आलं कुठून? ‘एल सेगुंदो दिया’ तुमच्या कुठल्याच यादीत नव्हतं, म्हणून अंदाजाने. ‘मांदाबा’ वाचून ग्राहक पुढच्या वाक्याची वाट बघत बसेल: पाठवत होता, मग मध्येच काय झालं? इथे ‘मांदो’ हवं.

ही कसोटी ‘असणे’पाशी मात्र पांगळी पडते, आणि तुमचं तिसरं वाक्य नेमकं तिथलं आहे. मराठीत ‘होतो’ला ‘केलं’सारखं संपलेलं दाखवणारं वेगळं रूप नाही. ‘काल मी घरी होते’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये दोन वाटांनी जातं. दिवस कसा गेला हे सांगायचं असेल तर ‘आयेर एस्तुबे एन कासा’. घरी असताना काहीतरी घडलं आणि ते सांगायचं असेल तर ‘आयेर एस्ताबा एन कासा क्वांदो सोनो एल तेलेफोनो’, म्हणजे घरी होते तेव्हा फोन वाजला. ‘त्रास होता’, ‘माहीत होतं’, ‘हवं होतं’, ‘ओळखत होतो’ या सगळ्यांचं असंच. इथे मराठी रूपावर विसंबू नका, स्वतःला सरळ विचारा: मी त्या अवस्थेच्या कडा दाखवतोय का?

कडा दाखवणाऱ्या क्रियाविशेषणांमध्ये सगळ्यात फसवा शब्द ‘दुरांते’ (‘इतका काळ’). मुलांच्या डोक्यात कुठून तरी बसलेलं असतं की लांबलेली गोष्ट म्हणजे इंपेर्फेक्तो. तसं काही नाही. गोष्ट किती काळ चालली याला महत्त्व नाही, तो काळ मोजून बंद केला का याला आहे. इस्लामी सत्ता स्पेनमध्ये 711 ते 1492 होती, म्हणजे जवळजवळ आठ शतकं, तरी इतिहासाच्या पुस्तकात ‘दुरांते कासी ओचो सिग्लोस’बरोबर इंदेफिनिदो येतो. ‘योबिओ तोदा ला नोचे’, रात्रभर पाऊस पडला, तिथेही तेच. आकडा घालून काळ बंद केलात की तो इंदेफिनिदो झाला. म्हणून ‘दुरांते त्रेस मेसेस तुबिमोस एस्ते प्रोब्लेमा’.

थांबा, इथे ग्राहकाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. ‘तुबिमोस’ म्हटलंत की त्रास संपला. तो अजून चालू असेल तर सरळ वर्तमानकाळ लागतो: ‘आसे त्रेस मेसेस के तेनेमोस एस्ते प्रोब्लेमा’. मराठीतही आपण ‘तीन महिन्यांपासून हा त्रास आहे’ असंच म्हणतो, ‘आहे’ म्हणतो. इथे इंग्रजीच्या वाटेने गेलात तर उगाच संयुक्त रूपात (सहायक क्रियापद अधिक मुख्य क्रियापद) अडकाल, मराठीतून गेलात तर आपोआप बरोबर येईल. आणि तीन महिन्यांपूर्वी एकदाच काही झालं असेल तर तोच ‘आसे’ मागे जातो आणि ‘के’ गळतो: ‘तुबिमोस एस्ते प्रोब्लेमा आसे त्रेस मेसेस’. एकच ‘आसे’, पण तो ‘पासून’ आहे की ‘पूर्वी’ हे क्रियापद ठरवतं. आयटीच्या मेलमध्ये या तिघांची गल्लत म्हणजे बंद झालेलं तक्रारीचं तिकीट पुन्हा उघडायची पाळी.

‘सिएम्प्रे’चंही असंच. ‘सिएम्प्रे इबामोस आ ला प्लाया’, नेहमी समुद्रावर जायचो, ही सवय, इंपेर्फेक्तो. पण ‘सिएम्प्रे किसे सेर मेदिको’, मला कायम डॉक्टर व्हायचं होतं, इथे सगळं आयुष्य एका नजरेत घेतलंय, म्हणून इंदेफिनिदो. ‘तोदोस लोस दियास’ सुद्धा. एरवी इंपेर्फेक्तो, पण ‘त्या आठवड्यात रोज हॉटेलात जेवलो’ म्हटलं की आठवडा बंद झाला आणि ‘कोमिमोस’ आलं. आणि संख्या आली की विचार करायचं कारणच नाही: ‘फुइ त्रेस बेसेस’, तीनदा गेलो.

जाता जाता: काही अवस्थादर्शक क्रियापदं इंदेफिनिदोत गेली की अर्थ सरकतो. ‘साबिया’ म्हणजे मला माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे मला कळलं. ‘कोनोसिया’ म्हणजे ओळखत होते, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. ‘आयेर’बरोबर ‘साबिया’ चुकीचं नाही, पण तुम्हाला बहुधा ‘सुपे’ म्हणायचं असतं.

आता तुमचं पहिलं वाक्य. माझ्याकडे येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये ही चूक सगळ्यात जास्त असते, आणि परदेशात छापलेल्या पुस्तकांत तिचा उल्लेखही सापडत नाही, कारण ती आपल्या भाषेची देणगी आहे. मराठीत ‘सोमवारी मी त्याच्याशी बोललो होतो’, ‘काल मी बाजारात गेले होते’ हे अगदी रोजचं बोलणं. त्या ‘होतो’ने आपण फक्त इतकंच सुचवतो की ती गोष्ट मागे पडली, आता मी तिथून परतले आहे. शाळेत त्याला पूर्ण भूतकाळ म्हणतात, स्पॅनिशमध्ये त्याच्याशी जुळणारं दिसतं ते ‘आबिया आब्लादो’, म्हणजे प्लुस्कुआंपेर्फेक्तो, म्हणून मुलं बिनधास्त तेच लावतात. पण स्पॅनिश प्लुस्कुआंपेर्फेक्तोला दुसरी एक भूतकाळी घटना लागते, जिच्याआधी हे घडलं. ‘क्वांदो येगो एल कोर्रेओ, या आबिया आब्लादो कोन एल प्रोबेएदोर’: मेल आला तेव्हा माझं पुरवठादाराशी बोलून झालं होतं. इथे मेल येणं ही दुसरी घटना आहे. ती नसेल तर वाचणारा तिची वाट बघतो. तुमच्या वाक्यात ती नाही, म्हणून साधं ‘एल लुनेस आब्ले’. वहीत ‘आबिया आब्लादो’सारखं रूप लिहिलंत की थांबा आणि शोधा: कशाच्या आधी? सापडलं नाही तर खोडा.

दुसऱ्या वाक्यातला ‘एल सेगुंदो दिया’ही मराठीतूनच आलाय. आपला ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे त्याच्या नंतरच्या दिवशी. ‘एल सेगुंदो दिया’ म्हणजे मोजणीतला दुसरा दिवस, परिषदेचा किंवा सहलीचा दुसरा दिवस. तुम्हाला हवं होतं ‘आल दिया सिगिएंते’. यामागे एक मोठा नियम आहे. स्पॅनिशमध्ये काही शब्द आजपासून मोजतात आणि काही गोष्टीतल्या दिवसापासून. ‘आयेर’, ‘मान्याना’ (उद्या), ‘आसे दोस दियास’ (दोन दिवसांपूर्वी) हे आजपासून. गोष्ट मागच्या महिन्यातली असेल तर त्यांच्या जागी अनुक्रमे ‘एल दिया आंतेरिओर’ (आदल्या दिवशी), ‘आल दिया सिगिएंते’ (दुसऱ्या दिवशी) आणि ‘दोस दियास आंतेस’ (त्याआधी दोन दिवस) येतात. मराठीत आपण ‘काल’ आणि ‘आदल्या दिवशी’ यांची अदलाबदल कधीच करत नाही, म्हणून हे समजायला जड नाही. स्पॅनिशमधले जोडीदार ठाऊक नसतात, इतकंच. ‘परवा’ मात्र जपून. ‘परवा आला होता’ म्हणजे नेमका कालच्या आधीचा दिवस असेल तर ‘आंतेआयेर’, मेक्सिकोत ‘आंतिएर’. पण आपण ‘परवाच भेटला होता’ म्हणतो तेव्हा नक्की दिवस मनात नसतो. त्याला ‘एल ओत्रो दिया’.

आता ‘या’ आणि ‘तोदाबिया’ (अजून). शब्दकोशात ‘या’समोर ‘आधीच’ लिहिलेलं असतं आणि तिथून घोळ सुरू होतो. ‘या मांदास्ते एल आर्चिबो?’ याचा अर्थ ‘फाइल पाठवलीस का?’ एवढाच. आपल्या ‘आधीच’मधलं आश्चर्य किंवा तक्रार त्यात नाही. अपेक्षित होतं ते झालं का, इतकंच तो ‘या’ विचारतो, आणि उत्तरातला ‘या’ झाल्याचं कळवतो.

नकार आला की खरी कसोटी लागते. मी पोचले तेव्हा तो तिथे नव्हता, हे मराठी वाक्य दोन प्रसंगांना चालतं. स्पॅनिश माणूस मात्र बहुधा निवड करतो. ‘क्वांदो येगे, या नो एस्ताबा’ म्हणजे तो निघून गेला होता. ‘क्वांदो येगे, तोदाबिया नो एस्ताबा’ म्हणजे तो यायचाच होता. ‘या नो’ म्हणजे होतं ते राहिलं नाही, ‘तोदाबिया नो’ म्हणजे व्हायचं ते झालं नाही. ‘जेवलास का?’ला ‘अजून नाही’ म्हणायचं असेल तर ‘तोदाबिया नो’. घाईत ‘या नो’ म्हणालात तर यजमान ताट उचलून नेईल. शिवाय ‘तोदाबिया’च्या जागी ‘आउन’ लिहिणार असाल तर ‘यू’वर स्वराघाताची खूण द्या. ती नसेल तर अर्थ ‘सुद्धा’ होतो.

आणखी एक. आपण फोनवर ‘आलोच!’ म्हणतो आणि तेव्हा चप्पलही पायात नसते. स्पॅनिशमध्ये असा भूतकाळ चालत नाही. ‘या येगे’ म्हणजे खरोखर पोचलो. निघायच्या आधी ‘या बोय’ म्हणा, वर्तमानकाळात.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. तुमची निम्मी गोंधळाची कारणं इथे आहेत. तुमचं पुस्तक स्पेनमधलं आहे आणि ग्राहक मेक्सिकोचे. माद्रिदचा माणूस ‘ओय’ (आज), ‘एस्ता मान्याना’ (आज सकाळी), ‘एस्ता सेमाना’ (या आठवड्यात) म्हणतो तेव्हा त्याच्या मते ते कालखंड अजून संपलेले नसतात, म्हणून तो संयुक्त रूप वापरतो: ‘ओय आ येगादो एल आर्चिबो’. मेक्सिकोचा माणूस तेच ‘ओय येगो एल आर्चिबो’ म्हणतो. फाइल आली, संपलं, मग आजचा दिवस बाकी असला म्हणून काय झालं? संयुक्त रूप तो सहसा चालू असलेल्या किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टीला ठेवतो: ‘आ योबिदो मूचो एस्ता सेमाना’, या आठवड्यात खूप पाऊस झालाय आणि अजून पडेलसं दिसतं. दोघंही बरोबर आहेत. आणि स्पेन म्हणजे सगळं एक, असंही नाही. गालिसिया, आस्तुरियास आणि कानारी बेटांवर साध्या रूपाकडेच कल आहे. उलट बोलिव्हियात ‘आयेर’बरोबरही संयुक्त रूप कानावर पडतं, जे माद्रिदमध्ये खटकेल.

नावांचाही घोळ आहे. मेक्सिकोचे सहकारी इंपेर्फेक्तोला ‘कोप्रेतेरितो’ म्हणतील, इंदेफिनिदोला नुसतं ‘प्रेतेरितो’. ही नावं आंद्रेस बेल्यो या व्हेनेझुएलाच्या व्याकरणकाराने 1847मध्ये चिलीत छापलेल्या व्याकरणातली आहेत, आणि मेक्सिकोच्या शाळांत ती अजून चालतात. काळ तेच आहेत, घाबरू नका. मला स्वतःला ‘कोप्रेतेरितो’ हे नाव जास्त आवडतं. ‘दुसऱ्या भूतकाळाच्या जोडीने चाललेला भूतकाळ’ हे त्या नावातच येतं.

मेक्सिकोच्या मेलमध्ये तुम्हाला हमखास दिसतील असे काही वापर इथेच सांगते. ‘तोदाबिया नो येगा’, अजून आला नाही: मराठीत भूतकाळ, त्यांच्याकडे वर्तमानकाळ. ‘येगो आस्ता एल मार्तेस’ वाचून तुम्ही ‘मंगळवारपर्यंत आलं’ असं काही समजाल, पण अर्थ आहे मंगळवारी आलं, त्याआधी नाही. स्पेनमध्ये यासाठी क्रियापदाआधी ‘नो’ लागतो, मेक्सिकोत तो गळतो. तारखा ठरवताना इथे शंका असेल तर सरळ विचारून घ्या, कुणी वाईट मानत नाही. ‘सिएम्प्रे नो फुइ’ म्हणजे ‘नेहमी गेलो नाही’ नव्हे, तर ‘शेवटी गेलोच नाही’. आणि ‘आत्ताच आला’ला तिथे ‘आपेनास येगो’ ऐकाल. आर्जेंटिना-चिलीकडे ‘रेसिएन येगो’, आणि सगळीकडे चालणारं ‘आकाबा दे येगार’. स्पेनमध्ये ‘रेसिएन’ फक्त ‘रेसिएन कासादोस’, नवविवाहित, अशा जोड्यांत येतो.

उद्या कोलंबियाचा ग्राहक मिळाला तर ‘दे प्रोंतो’ जपून वाचा. पुस्तकात तो ‘अचानक’ आहे आणि इंदेफिनिदोच्या यादीत पहिल्या ओळीत असतो. कोलंबियात तो रोजच्या बोलण्यात ‘कदाचित’ असतो. पेरूत हेच ‘दे रेपेंते’चं. मग यादीचं काय राहिलं, तुम्हीच बघा.

परीक्षेत कुठली धाटणी वापरायची, हेही तुम्ही विचारलंय. देलेत कुठल्याही स्पॅनिशभाषक देशातली प्रमाण धाटणी चालते, मेक्सिकोची लिहिलीत म्हणून गुण जात नाहीत. फक्त एका लेखात एकच धरा. पहिल्या परिच्छेदात ‘ओय ए इदो’ आणि दुसऱ्यात ‘ओय फुइ’ असं दिसलं तर तपासणाऱ्याला ती निवड वाटणार नाही, गोंधळ वाटेल. तुम्ही दिवसभर मेक्सिकोचं ऐकता, तेव्हा तीच धरा असं मी म्हणेन. पण ऐकण्याच्या आणि वाचण्याच्या भागात स्पेनचं संयुक्त रूप येणार, ते ओळखता आलंच पाहिजे.

सराव कसा करायचा ते सांगते. मी विद्यार्थ्यांना भूतकाळातला एक परिच्छेद आधी क्रियाविशेषणं गाळून लिहायला लावते. म्हणजे ‘आयेर’, ‘सिएम्प्रे’, ‘मिएंत्रास’ (दरम्यान) काहीच नाही, फक्त क्रियापदं. मग विचारते, यात काय काय घडलं आणि काय नुसतं होतं किंवा चाललं होतं? घडलेल्या गोष्टी एकाखाली एक वाचल्या तर गोष्ट पुढे सरकली पाहिजे, बाकीची वाक्यं काढली तरी सांगाडा उभा राहिला पाहिजे. तसं झालं तर काळ बरोबर आहेत. त्यानंतर क्रियाविशेषणं घालायची, आणि घातल्यावर काळ बदलायचा मोह झाला तर तो आवरायचा. बदल करायचा तो फक्त क्रियाविशेषणाने काळ मोजून बंद केला तरच, ‘दुरांते त्रेस मेसेस’सारखा.

तुम्हाला नवा परिच्छेद सुचवायचीही गरज नाही, पाठवलेल्या मेलचा ढीग आहे. जुना एक मेल घ्या, त्यातले ‘आबिया’ आधी शोधा, मग ‘दुरांते’ आणि ‘आसे’, शेवटी बाकीचं. या क्रमाने गेलात तर जड चुका आधी निघतील. जी वाक्यं तरीही अडतील ती मला पाठवा, पण आगेमागच्या दोन ओळींसकट पाठवा. सुटं वाक्य आलं तर बऱ्याचदा मला दोन्ही काळ बरोबर दिसतील आणि मी ‘काय म्हणायचं होतं?’ एवढंच विचारेन.